ढग नसलेला रविवार

उमरखेड

प्रिय भगवानरावकाका,

आपली-माझी ओळख नसताना हे पत्र लिहिते आहे, या आगाऊपणाची क्षमा प्रथम मागते. रीतीप्रमाणे 'आदरणीय' लिहायला हवे होते. तसे लिहिलेही होते आणि खोडले, कारण त्या शब्दाच्या आड उभे राहून मला पुढची एकही ओळ लिहिता येईना. वडील माणसांना न विचारता काही सांगू नये, अशा घरात मी वाढले आहे. माझे वडील येथील न्यायालयात कारकून आहेत. कमी आणि मोजके बोलणे हीच आमच्या घरात सभ्यता समजली जाते. तरीही हे पत्र आपण शेवटपर्यंत वाचावे, एवढी विनंती करते.

मी शाल्मली. आपला पियूष आणि मी यवतमाळला एकाच वर्गात डी.एड. झालो. दोन वर्षांत आम्ही एकमेकांशी दोन वाक्येही बोललो नसू. मी पहिल्या बाकावर, तो खिडकीजवळ, आणि गणिताचा तास सोडला तर त्याचे लक्ष खिडकीबाहेरच. पुढे शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षांसाठी दोघांचीही नेमणूक रत्नागिरी जिल्ह्यात झाली, आणि तीही एकाच खाडीच्या दोन काठांवर. त्याची शाळा दक्षिणेला, माझी उत्तरेला, मध्ये पाणी. येण्याजाण्यासाठी एक होडी असते, तिला तिकडे तर म्हणतात. परक्या मुलुखात आपल्याकडची भाषा ऐकू आली की माणसाचा संकोच थोडा सैल होतो. माझाही झाला. तो मला 'मॅडम' म्हणे, मी त्याला 'सर'. शेवटपर्यंत तेच राहिले.

दिवाळीच्या आधीच्या बुधवारी मी नेरला आले होते. सकाळी सहाच्या गाडीने उमरखेडहून निघाले, पुसदला आणि दारव्ह्याला गाडी बदलली. आपल्या घरी येऊन हे सारे तोंडी सांगावे असे ठरवले होते. आपली मोनाली मला बसस्थानकावर घ्यायला आली. तेथेच चहा घेताना तिने घरचे सांगितले. कापसाचा हंगाम तोंडावर आला तरी आपण खरेदीच्या सेंटरवर प्रतवारीला गेला नाहीत. कुणाशी बोलत नाही. ओसरीवर कुणी कौतुकाने नवा कापूस आणून ठेवला, तर बोटही लावले नाही. पियूषच्या खिशात सापडलेले आपलेच पत्र पोलिसांनी परत दिले, ते उशीखाली असते. आणि महिन्याभरात आपण एकच वाक्य बोललात, "माह्याच अक्षरानं मारलं माह्या पोराले." मोनाली ते मला सांगताना रडली नाही. तिने फक्त कप बशीत उलटा ठेवला. मग म्हणाली, "ताई, घरी चाला ना. बाबा बोलणार नाही, पण आई बोलंन." मी आले नाही. परतीची गाडी उभी आहे असे सांगून निघाले. गाडी तासाने होती.

आपले ते वाक्य खरे नाही, काका. एवढेच सांगण्यासाठी मला त्या आठवड्याचे सगळे सांगावे लागेल. आपल्या जिल्ह्यात या काही वर्षांत मरणाला कारण विचारण्याची पद्धत राहिलेली नाही. माणूस गेला की लोक कारण सांगूनच मोकळे होतात. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात आत्महत्यांचा रोजचा आकडा असतो, आणि पियूषही नेरमध्ये त्या आकड्यात जमा झाला. तो शेतकरी नव्हता, त्याला नोकरी होती, तरी झाला. त्याच्या खिशात एक कठोर पत्र होते आणि तो पाण्यात चालत गेला. लोकांना तेवढे पुरले.

ते पत्र मी वाचलेले नाही. त्यात काय आहे हे त्याने मला सांगितले ते रविवारी, १७ सप्टेंबरला. तो तरीने माझ्या गावी आला होता. काठावर आमचे मुख्याध्यापक उभे होते. ते मोठ्याने म्हणाले, "काय मॅडम, यवतमाळचं पार्सल आलं वाटतं!" तरीवरच्या बायका हसल्या. पियूषही हसला. मला मात्र कुठे बघावे ते कळेना. शाळेच्या पायरीवर बसून त्याने सांगितले की, ऑगस्टमध्ये त्याने आपल्याला नोकरी सोडून येतो असे कळवले होते. पावसाने त्याला नकोसे करून सोडले होते. कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी, मुलांची बोली समजत नाही. त्यावर आपले उत्तर आले. इकडे सेंटरे बंद पडत आहेत, तरणी पोरे पानठेल्यावर दिवस काढतात, आणि तू लागलेली नोकरी सोडतोस? आलास तर माझ्या दारात उभा राहू नकोस. हे वाचून तो दोन दिवस रागावला होता, हे मी लपवणार नाही. पण माझ्याकडे आला तेव्हा राग संपला होता. "मॅडम, बाबाचं बरोबर आहे," तो म्हणाला, "तीन वर्षं काढतोच आता. पन बाबाले कसं लिहाव? मी लिहाले बसलो का भांडणच होते. तुम्ही लिहून द्या ना. तुमची भाषा चांगली आहे."

त्याच वेळी त्याने मला एका कापसाच्या बोंडाविषयी सांगितले. आपल्या शाळेच्या मागे तेलाच्या डब्यात त्याने सरकी लावली होती. झाडे वाढली, फुले-पाती पावसाने गळून गेली, एक बोंड तेवढे राहिले, हिरवे आणि घट्ट. पुढच्या सोमवारपर्यंत ते फुटेल असा त्याचा हिशेब होता. म्हणाला, "फुटलं का बाबाले पाठवतो. सरकी दातानं फोडून पाहातीन आन् रिजेक्ट करतीन. पन पाहातीन तं खरं." आपण कापसाची सरकी दाताखाली धरून आवाजावरून ओल ओळखता, धागा दोन बोटांत ओढून लांबी सांगता, हे त्याने मला इतक्या अभिमानाने सांगितले की, मी आपल्याला पाहिलेले नसतानाही आपले हात माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले.

मी लगेच उत्तर लिहून दिले नाही. हा माझा पहिला अपराध. मला प्रत्येक गोष्ट नीट करायची सवय आहे. मूळ पत्र वाचल्याशिवाय त्याचे उत्तर लिहिणे योग्य नाही, असे मी त्याला सांगितले. पुढच्या रविवारी पत्र घेऊन या, मग लिहू. तो म्हणाला, "बरं, आणतो." त्याच्या खिशात आपले पत्र होते ते यासाठी, काका. ते मी मागवले होते. प्लॅस्टिकच्या दुधाच्या पिशवीत गुंडाळून, तोंडाला दोरा बांधून ठेवलेले होते, असे पंचनाम्यात लिहिले आहे. लोकांनी त्याचा अर्थ काढला की, स्वतःच्या माघारी ते सापडावे म्हणून त्याने ते जपले. ते ओले होऊ नये म्हणून जपले होते. मला वाचायचे होते, म्हणून.

आता त्या आठवड्याच्या हवेविषयी सांगते. मी वर्गाच्या फळ्यावर तारखेखाली रोजचे हवामान लिहीत असे, म्हणून मला ते दिवसागणिक आठवते. सोमवारी पाऊस होता, पण त्याचा जोर गेलेला. मंगळवारी दुपारपर्यंत मळभ आणि मग सह्याद्रीच्या बाजूने गडगडाट झाला. चार वाजता मुले भिजत घरी गेली. बुधवारी मी 'अंशतः ढगाळ' असे लिहिले आणि दुसरीतल्या एका मुलीने 'अंशतः म्हणजे काय' असे विचारले. तिला सांगता सांगता बाहेर ऊन पडले. गुरुवारी सकाळी उठले तर आकाश धुऊन ठेवल्यासारखे. चार महिन्यांत मी असे आकाश पाहिले नव्हते. खाचरातले हळवे भात पिवळे पडू लागले होते, जांभ्या दगडाच्या गडग्यांवर, म्हणजे कुंपणाच्या भिंतींवर, तेरडा फुलला होता, आणि लोकांनी अंथरुणे, पापड, मिरच्या, काय काय बाहेर काढून वाळत घातले होते. काकी, म्हणजे माझ्या घरमालकीणबाई, म्हणाल्या, "आता निवलं बाय. आता सर्वपित्रीनंतर पाऊस नुसता तोंड दाखवून जातो." शुक्रवारी अमावास्या. शनिवारी घट बसले. उकाडा इतका होता की, मला उमरखेडच्या ऑक्टोबरची आठवण झाली. त्या दोन दिवसांत फळ्यावर मी 'निरभ्र' हा एकच शब्द लिहिला.

आपल्याकडे या दिवसांत आकाश असे निवळले की माणसाचा जीव भांड्यात पडतो. नद्या खाली गेलेल्या, नाले पायाखाली आलेले, शेतात जायची वाट मोकळी. आमच्या पैनगंगेला पाणी चढते ते कुठेतरी वर पाऊस झाल्यावर. पाण्याचे आणि ढगांचे हे नाते आपण लहानपणापासून इतके गृहीत धरतो की, ते कुणी शिकवत नाही. ओढा ओलांडायचा तर आपण आधी वर बघतो. समुद्राकाठचे माणूस वर बघत नाही, ते तिथी बघते. अमावास्या-पौर्णिमेला बाराची भरती, पुढे रोज पाऊण-एक तास उशिरा, आणि सप्टेंबरच्या अखेरीची भरती वर्षातली मोठी. तिला ते उधाण म्हणतात. आकाशात ढगाचा ठिपका नसताना खाडी दोन पुरुष वर चढते आणि कुणालाही त्याचे नवल वाटत नाही. मी हे भूगोलात वाचले होते, परीक्षेत लिहिले होते, त्याला पूर्ण गुण मिळाले होते. तिथे गेल्यावर काकींनी मला घाटाच्या पायरीवर बसवून प्रत्यक्ष दाखवले होते. पियूषला असे कुणी दाखवले नाही. तो तरीने येई, तरीने जाई. पाणी कमी-जास्त दिसते ते त्याने पावसावर घातले असणार.

रविवारी, चोवीस तारखेला, तर सकाळी लागली नाही. घट बसलेले, तरीवाल्याचे सारे घर देवीच्या देवळात. अकरापर्यंत तर नाही, असे तो आदल्या दिवशी सांगून गेला होता. सकाळी सात-सव्वासातला पूर्ण ओहोटी होती. खाडीच्या मध्यावर वाळूची पुळण उघडी पडली होती आणि बायका गुडघाभर पाण्यातून जाऊन तिच्यावर तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचीत होत्या. हे पियूषने पलीकडच्या काठावरून पाहिले असणार. नऊनंतर त्या टोपल्या घेऊन परतू लागल्या, तेव्हा तो पँट दुमडून पाण्यात उतरत होता. त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईने त्याला हटकले. ती मला नंतर भेटली. तिने त्याला सांगितले होते, "मास्तर, पाणी भरतंय, नका जाऊ." त्यावर तो हसला आणि म्हणाला, "कायले भेता मावशी? आभायात ढग तं दिसून नाही राह्यला एक बी." तिला त्याचे शब्द अर्धेच कळले, पण तिने ते माझ्यापुढे जसेच्या तसे म्हणून दाखवले. तिच्या तोंडून मी आपली वऱ्हाडी ऐकली. पोलिसांनी तिला विचारले नाही, आणि न विचारता बोलायला ती गेली नाही.

पलीकडच्या काठावर जाळी विणत बसलेल्या दोघांनी मात्र जबाब दिला. मास्तर भरतीच्या पाण्यात सरळ चालत गेले, असे त्यांनी सांगितले. ते खोटे बोलले नाहीत. उधाण लागलेले असताना माणूस खाडीत पायी उतरतो, तो मरायलाच, याहून दुसरा विचार त्यांच्या मनात येणे शक्य नव्हते. एखाद्या मोठ्या, शिकलेल्या माणसाला भरती माहीत नसेल, हे त्यांच्या कल्पनेबाहेरचे होते. आणि ते कागद नेरला आले तेव्हा नेरच्या कुणाच्या मनात आले नाही की, पाणी ढगांवाचून चढते. तिकडच्यांना आपल्याकडच्या माणसाचे अज्ञान ठाऊक नव्हते, इकडच्यांना तिकडचे पाणी ठाऊक नव्हते. मधल्या मोकळ्या जागेत आपले पत्र बसवले की गोष्ट पुरी होत होती.

दोन्हीकडचे जाणणारे एकच माणूस तेथे होते. ते मी. उत्तर काठावर, तरीच्या घाटावर, नऊ वाजल्यापासून मी उभी होते. पुस्तकात कोरे आंतरदेशीय पत्र घालून आणले होते. तो पुळणीवर चढला तेव्हा मी त्याला ओळखले. दोन्ही चपला त्याने एका हातात धरल्या होत्या. पुळणीचे एका बाजूचे टोक तेव्हाच पाण्याखाली गेले होते, आणि काकींनी मला बजावले होते की ते टोक बुडाले की मध्ये क्षणभरही थांबायचे नाही, मागे फिरायचे. मला ते कळत होते, त्याला नाही. मी हाक मारली असती तर ती त्याला ऐकू गेली असती. वारा पडलेला होता. पण घाटावर मुख्याध्यापकांच्या पत्नी होत्या, शेजारच्या दोघी होत्या, आणि मला एका पुरुषाचे नाव घेऊन ओरडावे लागले असते. मी कधीही कुणाला ओरडून हाक मारलेली नाही. मी असे ठरवले, काका, की तो थोडा जवळ येईल, हळू बोललेले ऐकू येईल इतका जवळ, आणि मग मी सांगेन. तो माझ्या बाजूच्या पाण्यात उतरला. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. त्याने चपला डोक्याच्या वर धरल्या, भिजू नयेत म्हणून. जीव द्यायला निघालेला माणूस चपला कोरड्या ठेवत नाही. तेथे तो थांबला आणि त्याने मान वर करून आकाशाकडे पाहिले. सगळीकडे पाहिले. मग तो वळला. तो मागे फिरला होता, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे. पण तोवर मागे पुळण उरली नव्हती. दुपारी पोलीसपाटलांनी मला विचारले, "मॅडम, तुम्ही काही पाहिलंत?" मुख्याध्यापक शेजारी उभे होते. मी 'नाही' म्हणाले. तो एक शब्द आपल्या घरात महिनाभर आपल्यावर आरोप करीत बसला आहे, हे मला नेरच्या बसस्थानकावर कळले. शाळा उघडली की मी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब बदलणार आहे. त्यानंतर माझे तेथे काय होईल याची मला फारशी काळजी उरलेली नाही. पण तो कागद आपल्यापर्यंत येईल की नाही, आणि केव्हा, हे सांगता येत नाही, म्हणून आधी हे पत्र. ते आपण कौसल्याकाकूंना, मोनालीला, नेरमध्ये कुणालाही दाखवावे. मी क्षमा मागत नाही, ती आपल्यापाशी असेल असे मला वाटतही नाही. आपल्या पत्राने पियूष गेला नाही. त्या पत्राचे उत्तर 'तीन वर्षे राहतो, बाबा' असे होते. मी गप्प राहिले, त्याने तो गेला.

आपलीच म्हणवून घेण्याचा हक्क नसलेली,
शाल्मली

उमरखेड टपाल कार्यालयातून नोंदणीकृत टपालाने रवाना: शुक्रवार, दिनांक २७ ऑक्टोबर २००६, सकाळी ११ वाजून २० मिनिटे.